ओहोटीला जोडला जाणारा फोन

ही गोष्ट खरी आहे.

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं की आमच्या बेटावरची माणसं पोट धरून हसतात. त्यांचं काही चुकत नाही. मी ओनोफ्रे बार्रिया, वय चौऱ्याहत्तर. चिली देशातल्या चिलोएच्या पूर्वेकडच्या एका चिमुकल्या बेटावर राहतो आणि थापाड्या म्हणून आसपासच्या पाच बेटांत मला ओळखतात. माझी कवळी समुद्रात पडली आणि तिसऱ्या दिवशी एक खेकडा ती लावूनच किनाऱ्यावर आला, ही गोष्ट माझीच. माझा बैल लाँचमध्ये खिडकीजवळची जागा मागतो, तीही माझीच.

पण आजची गोष्ट खरी आहे. शपथ घेत नाही. माझ्या शपथेला इथे कोण विचारतो?

तारीख सतरा ऑगस्ट. सकाळचे सात. आमच्याकडचा ऐन हिवाळा, अजून उजाडलेलं नव्हतं. जागा, माझी कोमाद्रे ओतिलिया चिगुआय हिचं घर.

घरात नव्हे...

घराखाली.

आमची घरं पाण्याच्या काठाला लाकडी खांबांवर उभी असतात. भरतीला घराखाली समुद्र येतो, ओहोटीला चिखल उघडा पडतो. फळ्या जुन्या झाल्या की जमिनीला फटी पडतात. हातातून चमचा निसटला तर तो चमचा समुद्राचा.

ओतिलियाच्या मुलाचा मी धर्मपिता. बाप्तिस्म्याला त्याला हातात मीच धरलं होतं. म्हणून ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोंपाद्रे. हे नातं आमच्याकडे रक्ताच्या नात्याच्या वरचं मानतात.

मुलाचं नाव रुबेन. सव्वीस वर्षांचा. होडीतल्या पंपाच्या नळीने हवा घेत समुद्राच्या तळाशी उतरून शिंपले काढायचा. गळ्यात पारदर्शक रबरी पिशवी, तिच्यात फोन. पाण्याखाली व्हिडिओ काढायचा आणि घरी येऊन आईला दाखवायचा. "बघ आई, हा मासा रागावला की तुझ्यासारखंच तोंड करतो!" आईचा फोनही त्यानेच स्वतःच्या खात्यावर लावून दिला होता. घरी येऊन त्याचा फोन इंटरनेटला जोडला गेला, की त्याने काढलेलं सगळं आपोआप तिच्या फोनात दिसायचं.

हे ध्यानात ठेवा.

चौदा जानेवारीला तो एकटाच गेला. दुपारी होडी सापडली. हवेचा पंप चालूच होता... नळी पाण्यात सोडलेली होती...

नळीच्या टोकाला कोणी नव्हतं.

अकरा दिवस शोध झाला. काही मिळालं नाही. ओतिलियाने अन्न सोडलं. चुलीपुढे बसून राहायची, नुसती. मी रोज जायचो. एके दिवशी मला ते बघवेना आणि माझं तोंड, जे जन्मभर माझ्या पुढे पुढे धावत आलंय, बोलून गेलं.

"कोमाद्रे, दक्षिणेकडच्या सिस्नेस बंदरातून एक खलाशी आलाय. म्हणतो, तिकडे एका मोठ्या बोटीवर एक पोरगा बघितला. डोक्याला मार लागलाय, स्वतःचं नाव आठवत नाही. पण डाव्या भुवईवर खूण आहे, म्हणे."

रुबेनच्या डाव्या भुवईवर खूण होती. तो चार वर्षांचा असताना मीच त्याला खांद्यावरून पाडला होता.

असा खलाशी कोणी नव्हता. असा पोरगाही नव्हता.

त्या दिवशी ओतिलियाने दोन मिलकाओ खाल्ले. बटाट्याच्या त्या गरम रोट्या तिने चरबीत बुडवून बुडवून खाल्ल्या, आणि मला वाटलं, ओनोफ्रे, आज तुझ्या हातून पुण्य घडलं.

आमच्याकडे माणूस गेला की नऊ संध्याकाळी त्याच्या घरी प्रार्थना म्हणतात. नोवेना. ती झाल्याशिवाय गेलेल्याला आपण गेलो हे कळत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. मात्र नोवेना मागायला घरचंच माणूस लागतं. त्याने चर्चमधल्या फिस्कालकडे, म्हणजे प्रार्थना सांगणाऱ्याकडे जाऊन स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, 'माझा अमका गेला.' तेव्हाच घंटा वाजते.

आमचा फिस्काल डॉन अल्बिनो. 'डॉन' म्हणजे आमच्याकडचं 'राव', बाईला 'दोन्या'. तो आपणहून ओतिलियाच्या दारात गेला. तिने त्याला आत घेतलं नाही.

"माझ्या जिवंत पोराची नोवेना म्हणणाऱ्याच्या तोंडात राख कोंबीन, डॉन अल्बिनो!"

मी मागे उभा होतो. गप्प.

आता इंटरनेटचं सांगतो. आमच्या बाजूला मोबाईलला सिग्नल नाही. चर्चच्या टेकडीवर एक खांब आहे, त्यावरून घराघरांत इंटरनेट येतं. महिन्याला शंभर जीबी. ते संपले की पुढच्या एक तारखेपर्यंत बंद. रुबेनचा फोन यायचा तर एवढ्याच वाटेने.

आणि फेब्रुवारीपासून ओतिलियाचे शंभर जीबी नऊ-दहा दिवसांत संपायला लागले.

उरलेले वीस दिवस ती त्या बंद डबीकडे बघत बसायची.

"कोंपाद्रे, त्याला नाव आठवलं, आणि त्याने नेमका याच दिवसांत फोन केला तर?"

मी तरुणपणी बेटावरचे रेडिओ आणि टीव्हीचे अँटेना दुरुस्त करायचो. म्हटलं, बघतो.

आधी कंपनीला फोन लावला. टेकडीवर जाऊन लावावा लागतो. पलीकडची बाई म्हणाली, "घरात व्हिडिओ कोण कोण बघतं?"

ओतिलियाने फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "मी आणि मांजर. मांजर फक्त हवामान बघतं."

मग मी एकेक गोष्ट तपासली. तिच्या फोनातले आपोआप चालणारे व्हिडिओ बंद केले. आपोआप होणारे अपडेट बंद केले. टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवली. शेजारचे चोरून वापरतात का, म्हणून शेजारी जाऊन भांडून आलो, आणि चिचाचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे, दोन पेले पिऊन परत आलो.

जूनमध्ये नऊ दिवसांत संपलं.

मी तिचा फोनच दहा दिवस माझ्या घरी नेऊन ठेवला. म्हणजे घरात काही वापरायला उरलंच नाही. फक्त राउटर. भिंतीवर एकटा.

जुलैमध्ये... आठ दिवसांत संपलं.

शेवटी कंपनीने माणूस पाठवला. सोळा ऑगस्टला दुपारच्या लाँचने यास्ना आली. पस्तिशीची, गालावर वाऱ्याने फुटलेली चामडी, बुटांवर तीन बेटांचा चिखल. ओतिलियाने तिच्या हातात माटेचा, म्हणजे आमच्या कडू चहाचा, वाडगा दिला, तिने नळीने एक घोट घेतला आणि लॅपटॉप उघडला.

"दोन्या ओतिलिया, हे बघा. डाउनलोड जवळजवळ शून्य आहे. तुम्ही काही बघतच नाही."

"तेच तर घसा फोडून सांगतेय, पोरी."

"हे सगळं अपलोड आहे." यास्नाने आकड्यावर बोट ठेवलं. "तुमच्या घरातून काहीतरी बाहेर जातंय. खूप मोठं. पण पूर्ण जाण्याआधीच तुमची मर्यादा संपते. मग पुढच्या महिन्यात ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं."

"काय जातंय?" मी विचारलं.

"ते नाही दिसत. कुठून जातंय ते दिसतं." तिने यादी उघडली. "घरात आजवर जोडलेली उपकरणं. एक, तुमचा फोन. दोन, टीव्ही. तीन..."

तिसरं नाव तिने वाचलं नाही. पडदा आमच्याकडे वळवला.

रुबेनचा फोन.

चुलीतलं लाकूड फुटलं.

मग ओतिलिया हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा... दात दाखवून, लहान मुलीसारखी.

"आला! माझा पोरगा आला! इथेच आहे कुठेतरी. कोंपाद्रे, तुमच्या खलाशाने खरंच सांगितलं हो!"

मी यास्नाकडे बघितलं. ती माझ्याकडे. रुबेनची बातमी सगळ्या बेटांवर पोचली होती, तिलाही ठाऊक होती.

"जुना फोन कोणाला विकला होता का?" ती हळूच म्हणाली.

"त्याच्या गळ्यात होता," मी म्हणालो. "त्या दिवशी."

तिने वेळांची नोंद काढली. राउटर सगळं लिहून ठेवतो. दहा तारखेच्या आसपास काहीच नाही. मग बारापासून, दिवसातून दोनदा. चौदाला पहाटे पावणेपाच. पंधराला साडेपाच. सोळाला सव्वासहा. संध्याकाळीही तसंच, रोज पाऊण तास पुढे.

"विचित्र आहे," यास्ना म्हणाली. "मशीन ठरलेल्या वेळी चालतं. माणूस सवयीच्या वेळी. हे रोज सरकतंय."

ती शहरातली. तिला कळलं नाही. मला कळलं.

ओतिलियाच्या दारामागे भरती-ओहोटीचं पत्रक खिळ्याला लटकतं. प्रत्येक घरात असतं. मी ते काढून टेबलावर ठेवलं. बोट फिरवत गेलो.

चौदा, पावणेपाच. ओहोटी.

पंधरा, साडेपाच. ओहोटी.

सोळा, सव्वासहा. ओहोटी.

आणि दहा तारखेला भांगाचं पाणी होतं. त्या दिवसांत समुद्र फारसा उतरत नाही. उधाणाचे दिवस आले, ओहोटीला पाणी दूर मागे हटलं... की तो फोन जोडला जायचा.

पाणी त्याच्यावरून उतरलं की.

"आज संध्याकाळची ओहोटी कधी?" यास्नाने विचारलं.

"सहा चाळीस."

यास्नाने ओतिलियाकडे बघून एक गोष्ट केली, जी तिने करायला नको होती. दया आली तिला. "या महिन्यापुरती मी तुमची मर्यादा काढून टाकते, दोन्या ओतिलिया. जे काय जायचंय ते एकदा पूर्ण जाऊ दे. म्हणजे कळेल तरी."

सहा चाळीस झाले. आम्ही तिघं लॅपटॉपपुढे. खाली पाणी चिखलावरून मागे सरताना चूळ भरल्यासारखा आवाज करतं, तो थांबला.

आत्ता जोडलेल्यांच्या यादीत दोन नावं होती, ओतिलियाचा फोन आणि हा लॅपटॉप...

मग तीन.

आकडा पळायला लागला. पावणेदोन तास पळत होता. ओतिलिया त्या आकड्याला हात लावून बसली होती. "हळू, बाळा," म्हणत होती. "सावकाश पाठव. आता कोणी बंद नाही करत."

पाणी परत आलं. तिसरं नाव गेलं.

त्या रात्री यास्ना तिथेच राहिली, मीही. झोपलं कोण? आणि सतराच्या सकाळी सात वाजता, वर्षातल्या सगळ्यात खोल ओहोटीला, मी आणि यास्ना कंदील घेऊन घराखाली उतरलो. ओतिलिया आमच्या आधीच शिडीवर होती. घरातल्या सपाता घालूनच. तिला मी ओरडून वर पाठवलं, तर अर्ध्या शिडीवर बसून राहिली.

यास्नाच्या हातात सिग्नल मोजायचं यंत्र होतं. फोन जवळ असला की काटा चढतो.

"इथे वाढतोय... इथे अजून..." ती खांबांमधून चालत राहिली. "डॉन ओनोफ्रे, इथे पूर्ण आहे. बरोबर इथे. जसा काही माझ्या हातातच आहे."

स्वयंपाकघराच्या खाली. मी कंदील धरला. चिखल. शेवाळ. एक जुना चमचा.

बाकी काही नाही.

मी फावड्याने खणलं. हातभर, दोन हात. काळं पाणी वर आलं. काही नाही.

"लावून बघते," वरून ओतिलियाचा आवाज आला. तिच्या हातात फोन होता. सात महिने इंटरनेट चालू असेल तेव्हा ती त्या नंबरवर कॉल करायची आणि सात महिने तो लागत नव्हता.

आज घंटा वाजायला लागली.

खाली कुठेही आवाज नव्हता. मग यास्नाने खांबाला टेकवलेला हात झटकन मागे घेतला.

"हात लावा," ती म्हणाली.

मी खांबाला हात लावला. खांब थरथरत होता. फोन टेबलावर थरथरतो ना, तसा. थोडा वेळ... थांबून... पुन्हा थोडा वेळ...

मी दुसऱ्या खांबाला हात लावला. तोही.

सगळेच.

वर घंटा थांबली. कोणीतरी कॉल घेतला होता. ओतिलियाने फोन कानाला घट्ट लावला. "रुबेन? बाळा?" आम्हाला खालूनही ऐकू आलं, तिच्या फोनातून काय येत होतं ते. हवेच्या नळीतून कोणी श्वास घ्यावा तसा आवाज.

आत... बाहेर... आत...

मग बंद.

आम्ही वर पळालो. माझ्या वयाला ती शिडी दोन उड्यांत चढता येत नाही, पण चढलो. दार लावलं. आणि तेवढ्यात ओतिलियाच्या फोनावर टिंग झालं. मग टिंग. टिंग. टिंग.

व्हिडिओ पोचत होते. सात महिन्यांचे.

पहिला उघडला. काळोख. मग हिरवट उजेड. वर फळ्या, फळ्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा. एका रेघेतून काहीतरी निळं सरकत होतं.

ओतिलियाने आपल्या पायांकडे बघितलं. निळ्या सपाता.

दुसरा. तेच. खालून, फटीतून. तिचं बोलणं ऐकू येत होतं, मांजराशी. तिसरा. चौथ्यात ती रडत होती. पाचव्यात माझा आवाज होता. हसत होतो मी, कसली तरी थाप मारत. फेब्रुवारीतली.

शेवटच्यात खांब होते आणि कंदील. दोन माणसं चिखलात वाकलेली. एक बाई, एक म्हातारा फावडं घेऊन. आमच्या पाठीमागून काढलेला. इतका जवळून, की माझ्या मानेवरचे पांढरे केस दिसत होते.

तो दहा मिनिटांपूर्वीचा होता.

यास्नाने बॅग भरली. लाँच बाराला होती, तरी ती साडेआठलाच धक्क्यावर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे गेलो.

"पासवर्ड बदला," ती म्हणाली. "त्याला जुना ठाऊक आहे, म्हणून जोडला जातो. नवा टाका, लांबलचक. मी या घरात पुन्हा येणार नाही, डॉन ओनोफ्रे. नोकरी गेली तरी चालेल."

मी परत गेलो, आणि आधी ते केलं जे जानेवारीत करायला हवं होतं. टोपी काढली. ओतिलियापुढे बसलो.

"कोमाद्रे, सिस्नेसचा खलाशी नव्हताच. तो मी रचला. तुम्ही जेवावं म्हणून. रुबेन गेलाय. चौदा जानेवारीलाच गेला. त्याला कोणी सांगितलं नाही, म्हणून घरी आलाय. डॉन अल्बिनोकडे चला. मी हात धरून नेतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूहळू मान हलवायला लागली.

"अरे वा, ओनोफ्रे! आता थाप मारताय."

"आईशप्पथ, खरं सांगतोय."

"जन्मभर ऐकलंय मी तुम्हाला. थाप मारताना तुमचा डावा कान लाल होतो. आत्ता झालाय. भुवईवरची खूण सांगितलीत तेव्हा झाला नव्हता."

कान लाल झाला होता. लाजेने. पण हे तिला कसं पटवणार? साठ वर्षं मी या बेटाला शिकवलं, की ओनोफ्रे डोळ्यांत पाणी आणून बोलतो तेव्हा खिसे सांभाळा.

"तो जिवंत आहे," ती म्हणाली. "खाली आहे. घाबरलाय. नाव आठवत नाही, पण घर आठवलं त्याला. आणि तुम्ही त्याची नोवेना करायला निघालात? धर्मपिता ना तुम्ही?"

मी पासवर्ड बदलला. राउटर भिंतीवरून काढायला गेलो, तर तिने चुलीची सळई उचलली. निदान पासवर्ड तरी बदलू दिला, शेजारचे चोरतात असं सांगितलं म्हणून. ही थाप मात्र तिला चटकन पटली. तिच्या फोनासाठी तो कागदावर लिहून दिला. अकरा अक्षरं आणि आकडे. तो कागद तिने चुलीमागे चिकटवला.

पुढचे चार दिवस मी रोज जाऊन राउटरची नोंद बघितली. प्रत्येक ओहोटीला एक ओळ.

रुबेनचा फोन. पासवर्ड चुकीचा.

एकदाच. धडपड नाही. प्रत्येक ओहोटीला एकदा विचारायचं आणि थांबायचं. लहानपणी तो माझ्या दारावर असाच एकच टकटक करायचा आणि उभा राहायचा, मी उघडेपर्यंत.

मग भांगाचे दिवस आले. आठवडाभर शांत. मी देवाचे आभार मानले, इतकं मला आशेचं व्यसन.

एकतीस ऑगस्टला पुन्हा उधाण. संध्याकाळची ओहोटी साडेसहाच्या पुढची. मी ओतिलियासाठी मासे घेऊन गेलो. दार वाजवायच्या आधी खिडकीतून बघितलं.

ती जमिनीवर पालथी पडली होती. मला वाटलं, गेली. पण ती बोलत होती. चष्मा डोळ्यांवर, हातात तो कागद, तोंड फळ्यांच्या फटीला लावलेलं. बहिऱ्या माणसाशी बोलतो तसं, एकेक अक्षर सुटं करून.

"मोठा एम... आठ... पुन्हा आठ... छोटा टी... कळलं ना, बाळा? छोटा. आता तीन..."

खालून उत्तर आलं.

एकच टक.

मासे माझ्या हातातून पडले. मी घरात गेलो नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मी पळालो.

सकाळी परत गेलो तेव्हा भरती होती, घराखाली पाणी डुचमळत होतं. दार उघडंच. चूल पेटलेली. टेबलावर माटेचे दोन वाडगे. दोन्ही कोमट.

स्वयंपाकघरातली एक फळी निघाली होती. बाजूला नीट उभी करून ठेवलेली. भोकाच्या काठाशी निळ्या सपाता, जोडीने. बिछान्याशी काढून ठेवतात तशा.

तिचा फोन टेबलावर होता. राउटरची नोंद बघितली. पासवर्ड बरोबर. आणि या वेळी अपलोड नव्हतं...

डाउनलोड होतं. पहाटेच्या ओहोटीपर्यंत. काहीतरी आत येत राहिलं होतं.

फोनात एकच नवा व्हिडिओ होता. तो खालून काढलेला नव्हता.

टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवरून काढलेला. ओतिलिया समोर बसलीय. दुसऱ्या वाडग्यात गरम पाणी ओततेय. मग वर बघते, सरळ फोन धरणाऱ्याकडे. हसते. आणि म्हणते, "किती गार पडलायस रे."

बास. तेवढाच.

मी ओरडत डॉन अल्बिनोकडे गेलो. सगळं सांगितलं. खलाशी, कंपनीची यास्ना, फटी, पासवर्ड. व्हिडिओ दाखवायला फोन उघडला, तर आत एकही व्हिडिओ नाही. तोवर धक्क्यावरची दहा माणसं जमली होती. कोणीतरी टाळी वाजवली.

"डॉन ओनोफ्रे, खेकड्यापेक्षा ही भारी आहे!"

"अहो, पोरगा सापडला म्हणून ती सिस्नेसला गेली असेल! तुम्हीच नाही का सांगितलं?"

एका बाईने तर ओतिलियाला पहाटेच्या लाँचच्या रांगेत पाठमोरी बघितलंही होतं. दुपारपर्यंत आणखी दोघांनी बघितलं. सबंध आयुष्यात माझी एकही थाप इतकी टिकली नव्हती. अजून टिकून आहे. बेटावर सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे, की आई आणि मुलगा सिस्नेसला सुखात आहेत.

डॉन अल्बिनो हसला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "नोवेना म्हणतो, ओनोफ्रे. पण घरचं माणूस मागायला हवं. त्या घरात आता कोण उरलंय?"

"मी धर्मपिता आहे."

"तो जिवंत आहे असं ज्याने सांगितलं, तोच का?" त्याने टोपी डोक्यावर ठेवली. "घंटा कोणाच्या शब्दावर वाजवू? तुझ्या?"

घंटा वाजली नाही.

तिचा राउटर मी काढून आणला. माझ्या फळीवर पडून आहे, वायर गुंडाळलेली. तिचं घर बंद आहे. मला वाटलं, संपलं.

माझं घर तिच्यापासून सातवं. तेही खांबांवर. ऑक्टोबरच्या उधाणात माझे शंभर जीबी तपासायला मी सहज माझ्या राउटरची नोंद उघडली.

रुबेनचा फोन. पासवर्ड चुकीचा.

पुढच्या ओहोटीला... पुन्हा तीच ओळ.

तेव्हापासून दर उधाणाला. आणि गेल्या महिन्यापासून एकाऐवजी दोन ओळी येतात. दुसऱ्या फोनाचं नाव कोरं असतं. तिचा फोन तर माझ्या टेबलाच्या खणात आहे, बंद.

दोघं एकेकदाच विचारतात. घाई नाही.

माझा पासवर्ड मी कोणाला दिलेला नाही. कुठे लिहिलेलाही नाही. तो फक्त माझ्या डोक्यात आहे. पण मी एकटा राहणारा म्हातारा, जन्मभराची बडबडी जीभ. चुलीशी बोलतो, भांड्यांशी बोलतो, आणि बायको जिवंत होती तेव्हा सांगायची, की मी झोपेतही बोलतो.

म्हणून ही गोष्ट मी तुम्हाला सांगत नाहीये, लिहितोय. घरात मोठ्याने बोलणं मी सोडलंय. झोपताना तोंडाला रुमाल बांधतो.

आज ओहोटी चार वाजून दहा मिनिटांनी आहे. आत्ता चार वाजायला आलेत. खाली पाण्याचा आवाज थांबलाय.

माझ्या जमिनीला फटी फार आहेत.